नियमांना नाव देणे : पर्लमधील स्वरचित मॉड्यूल आणि मराठीचा संशोधक

‘क्षेत्र’ या शब्दात अक्षरे किती, असे विचारल्यास मराठीचा कोणताही विद्यार्थी ‘दोन’ असे उत्तर देईल. आणि अभंगाच्या चरणातील अक्षरे मोजणाऱ्यास तेच उत्तर हवे असते. संगणकाला हाच प्रश्न पर्ल या भाषेत विचारला असता मात्र एकाहून अधिक उत्तरे मिळतात. मजकूर देवनागरी चिन्हांचा आहे ही सूचना दिलेली नसेल, तर उत्तर २१ येते. कारण यूटीएफ-८ या आज रूढ असलेल्या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ती सूचना दिली की उत्तर ७ येते : क, हलन्ताचे चिन्ह, ष, एकाराची मात्रा, त, पुन्हा हलन्ताचे चिन्ह आणि र. वाचकाला एकसंध वाटणारा चिन्हसमूह मोजण्याची सोय पर्लमध्ये आहे. ती वापरल्यास अनेक वर्षे उत्तर ४ येत असे, कारण ‘क्’ आणि ‘त्’ हे स्वतंत्र समूह गणले जात. २०२३ मध्ये युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीने हा नियम बदलला आणि देवनागरीतील जोडाक्षर अखंड मानले. त्या नियमाने उत्तर २ येते. प्रश्न एक, शब्द एक आणि उत्तरे चार. त्यांतील कोणतेही चुकीचे नाही. प्रत्येकामागे ‘अक्षर म्हणजे काय’ याविषयीचा एक निर्णय आहे, एवढेच.

संगणकाच्या साहाय्याने शब्दांची वारंवारता, पाठभेद किंवा छंद यांचा अभ्यास करावयाचा झाल्यास असे निर्णय पदोपदी घ्यावे लागतात. ते कोणी घेतले, कोठे लिहून ठेवले आणि दुसऱ्या अभ्यासकाला ते तपासता येतात काय, हा खरा प्रश्न आहे. ‘संगणकाद्वारे मोजणी केली’ एवढ्या एका वाक्यावर प्रबंधातील कोष्टके उभी राहू लागली, तर त्या कोष्टकांना पुरावा म्हणता येणार नाही. पर्ल या भाषेत असे निर्णय एकत्र करून, त्यांना नाव देऊन, हवे तेथे नावाने बोलाविण्याची व्यवस्था आहे. तिला मॉड्यूल म्हणतात. संहितेवर संगणकाने काम करू इच्छिणाऱ्या मराठीच्या संशोधकाने स्वतःचे मॉड्यूल रचण्यास व बोलाविण्यास शिकले पाहिजे, आणि हे काम तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होऊ नये, असे येथे आग्रहाने म्हणावयाचे आहे.

पर्लची निवड निव्वळ सोयीपोटी नाही. लॅरी वॉल यांनी ही भाषा डिसेंबर १९८७ मध्ये प्रसृत केली. वॉल यांचा ओढा भाषाविज्ञानाकडे होता. एखाद्या अलिखित भाषेला लिपी द्यावी, या हेतूने त्यांनी व त्यांच्या पत्नीने बर्कले येथील विद्यापीठात भाषाविज्ञानाचा अभ्यास केला होता. प्रकृतीच्या कारणाने तो बेत सोडावा लागला. त्या अभ्यासाच्या खुणा पर्लच्या रचनेत स्पष्ट दिसतात. एका मूल्यासाठी एक चिन्ह, अनेक मूल्यांच्या क्रमबद्ध संचासाठी दुसरे. आणि त्या संचातून एकच घटक उचलला की चिन्ह पुन्हा एकवचनी होते. वचनाप्रमाणे रूप बदलणारी भाषा बोलणाऱ्यास हे परके वाटू नये. (इतर संगणकभाषांतून पर्लकडे येणारे नेमके येथेच अडखळतात, ही गंमत आहे.) मॉड्यूलची आजची व्यवस्था ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने दिली. अन्य लोकांनी रचलेली मॉड्यूले सर्वांना उपलब्ध करून देणारे ‘सीपॅन’ हे भांडार १९९५ पासून सुरू झाले. देवनागरीवर विसंबून काम करता यावे इतका युनिकोडचा आधार मात्र २००२ च्या ५.८ या आवृत्तीपासूनच मिळाला. त्यापूर्वीच्या पुस्तकांतील उदाहरणे देवनागरी मजकुरावर जशीच्या तशी वापरू नयेत.

मॉड्यूल रचणे हे दिसते तितके अवघड नाही. एक स्वतंत्र फाइल करावयाची, तिच्या नावापुढे ‘पीएम’ हे उपपद लावावयाचे. फाइलच्या आरंभी ‘पॅकेज’ या शब्दापुढे मॉड्यूलचे नाव लिहावयाचे. तेथून पुढे लिहिलेली प्रत्येक सबरूटीन त्या नावाच्या मालकीची होते. नावात दोन अंश असतील, समजा ‘मराठी::अनुस्वार’, तर ‘मराठी’ या नावाची फोल्डर करून तिच्यात ‘अनुस्वार’ ही फाइल ठेवावी लागते. ही नावे रोमन लिपीत ठेवणे श्रेयस्कर, कारण फाइलींची नावे निरनिराळ्या संगणकांवर निरनिराळ्या प्रकारे हाताळली जातात. आतील सबरूटीनांची नावे मात्र, देवनागरीची सूचना दिलेली असल्यास, मराठीत खुशाल ठेवता येतात. मुख्य आज्ञावलीत ‘यूज’ या शब्दापुढे मॉड्यूलचे नाव लिहिले की ते बोलाविले जाते. ‘रिक्वायर’ हाही शब्द आहे. पण तो आज्ञावली चालू झाल्यावर, त्या ओळीपाशी आल्यावर फाइल आणतो, तर ‘यूज’ हे काम आज्ञावलीचे वाचन चालू असतानाच उरकतो आणि मागितलेली नावेही हाती देतो. आरंभी ‘यूज’ पुरेसा आहे.

शिकणारा अडतो तो पुढील ठिकाणी. पहिली अडचण वाटेची. पर्ल मॉड्यूल कोठे शोधते, त्या फोल्डरांची एक यादी तिच्यापाशी असते. तिचे नाव ‘इन्क’. पूर्वी या यादीत चालू फोल्डरही असे. सुरक्षिततेच्या कारणावरून २०१७ च्या ५.२६ या आवृत्तीपासून ते वगळण्यात आले. त्यामुळे जुन्या पाठ्यपुस्तकातील उदाहरण जसेच्या तसे उतरवूनही ‘मॉड्यूल सापडत नाही’ असा निरोप येतो आणि विद्यार्थी स्वतःलाच दोष देत बसतो. ‘यूज लिब’ असे लिहून त्यापुढे आपल्या फोल्डरचा पत्ता दिला की ही अडचण दूर होते. दुसरी अडचण अखेरच्या ओळीची. मॉड्यूलच्या फाइलीने शेवटी एक ‘सत्य’ मूल्य परत करावे असा दंडक आहे. म्हणून अखेरीस नुसता १ हा अंक व अर्धविराम लिहिण्याची प्रथा पडली. २०२३ मधील ५.३८ या आवृत्तीचे नियम फाइलीच्या आरंभी मागवून घेतल्यास ही ओळ लागत नाही, तरी ती लिहिल्याने काही बिघडतही नाही. तिसरी अडचण अधिक फसवी आहे. फाइलचे नाव एक आणि आतील ‘पॅकेज’चे नाव दुसरे असे झाले, मग तो फरक एखाद्या अक्षराचा का असेना, तर पर्ल बोलावण्याच्या क्षणी थांबत नाही. फाइल सापडते, वाचली जाते, आणि पुढे सबरूटीन वापरावयास जावे तर ‘अशी सबरूटीन नाही’ असे उत्तर येते. वस्तुतः ती असते. पण दुसऱ्याच नावाच्या घरात.

यापेक्षा महत्त्वाची आहे ती नावे बाहेर देण्याची रीत. पर्लबरोबरच येणाऱ्या ‘एक्सपोर्टर’ या मॉड्यूलच्या आधारे दोन याद्या करता येतात. पहिल्या यादीतील सबरूटीना, मॉड्यूल नुसते बोलाविले तरी, आपोआप हाती येतात. दुसरीतील सबरूटीना बोलावणाऱ्याने नाव घेऊन मागाव्या लागतात. पुष्कळ शिकवणी-पुस्तके सोपी म्हणून पहिली रीत दाखवितात. संशोधनाच्या कामासाठी ती टाळावी. दुसऱ्या रीतीत आज्ञावलीच्या पहिल्या काही ओळी वाचताच कोणते नियम मागविले आहेत हे कळते. चिकित्सक आवृत्तीचा संपादक प्रारंभीच्या निवेदनात कोणत्या पोथ्या घेतल्या, त्यांना कोणती संकेताक्षरे दिली, ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत काय धोरण ठेवले हे सांगतो. ‘यूज’च्या ओळी हे संगणकीय अभ्यासाचे तसे निवेदन होय. मॉड्यूलला आवृत्तीचा क्रमांकही देता येतो, आणि बोलावताना अमुक क्रमांकाच्या खालची आवृत्ती चालणार नाही असे बजावता येते. नियम सुधारला, क्रमांक वाढविला, आणि कोणते कोष्टक कोणत्या क्रमांकाने काढले ते प्रबंधात नोंदविले, म्हणजे पुढील अभ्यासकाला तीच मोजणी पुन्हा करता येते.

हे निवेदन नसले म्हणजे काय होते, याचा दाखला मराठीच्या इतिहासातच आहे. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अपपाठ काढून टाकल्याचे त्यांनी सांगितले. कोणत्या ओवीत काय बदलले याची नोंद मात्र मागे राहिली नाही, आणि त्या काळी तशी अपेक्षाही नव्हती. एकनाथपूर्व संहिता कशी होती, या प्रश्नावर त्यानंतरच्या अभ्यासकांनी केवढे श्रम घेतले हे वाचकांस विदित आहे. संगणकावर आज घडणारी ‘शुद्धी’ नेमकी या जातीची असते. मूळ मजकूर घेतला, नको वाटणारी चिन्हे एका ओळीत पुसून टाकली, आणि पुढे काम सुरू केले. ती ओळ कोणी वाचत नाही.

अनुस्वाराचे उदाहरण घेतल्यास यातील धोका नीट कळेल. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. लोकहितवादींची शतपत्रे (१८४८-५०) आणि आजची कादंबरी यांची शब्दसूची एकत्र करावयाची, तर जुन्या मजकुरातील असे अनुस्वार काढले पाहिजेत, असे कोणालाही वाटेल. पर्लमध्ये त्याला एक ओळ पुरते. पण ती ओळ ‘लोकांना’तील अनुस्वारही नेते, ‘आंबा’तीलही नेते, आणि बोलभाषेतील ‘केलं’चे ‘केल’ करते. म्हणून नियम आवळावा लागतो : शब्दाच्या अंती, ए, ई किंवा ऊ या स्वरांवर असलेला अनुस्वार तेवढा काढावा. तरीही ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ यांतील मधले अनुस्वार राहतात. त्यांच्यासाठी यादीच हवी. आणि ‘नांव’ यादीत घातले की जुन्या मजकुरात वेगळी असलेली होडीची ‘नाव’ आणि माणसाचे ‘नांव’ एक होतात.

हे झाले लेखनाचे. व्याकरणाची हानी याहून मोठी आहे. जुन्या लेखनात ‘केलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘केले’ हे पुल्लिंगी अनेकवचन. ‘केली’ हे स्त्रीलिंगी एकवचन आणि ‘केलीं’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन. ‘तें’ आणि ‘ते’ ही सर्वनामे तर कोणत्याही गद्यात वारंवार येणारी. अनुस्वार गळताच लिंग आणि वचन यांचा भेद दाखविणारी ही खूण नाहीशी होते. एखाद्याला एकोणिसाव्या शतकातील गद्यातील नपुंसकलिंगी क्रियारूपांचा अभ्यास करावयाचा असेल, तर त्याने अनुस्वार काढणे म्हणजे आपलाच पुरावा पुसणे होय. दुसऱ्या कोणाला केवळ शब्दसंग्रहाची व्याप्ती पाहावयाची असेल, तर त्याने ते न काढणे म्हणजे एकच शब्द दोनदा मोजणे होय. दोघांचेही बरोबर आहे. म्हणून ‘मराठी::अनुस्वार’ या मॉड्यूलमध्ये एक सबरूटीन नव्हे, निदान तीन हव्यात : अनुस्वार जसेच्या तसे ठेवणारी, अंत्य अनुस्वार काढणारी, आणि यादीनुसार मधलेही काढणारी. प्रत्येकीला तिचे काम सांगणारे नाव असावे. ‘स्वच्छ करा’ असले मोघम नाव नको. मग अभ्यासकाने कोणती बोलाविली, यावरून त्याची भूमिका कळते. याद्यांवरून वाद होतील. ते व्हावयासच हवेत, कारण ते वाद मराठीच्या व्याकरणाचे आहेत.

दुसरे उदाहरण थोडक्यात. ‘आचाऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र संगणकावर एकाहून अधिक प्रकारांनी साठविलेला असतो : नुक्ता असलेल्या स्वतंत्र ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोध घेताना मात्र एक सापडतो आणि दुसरा नाही. यूनिकोडची प्रमाणीकरणाची सोय येथे कामास येत नाही. स्वतंत्र ऱ आणि र व नुक्ता यांची जोडी यांचा मेळ ती घालते, जोडचिन्हाच्या वाटेस जात नाही. आणि न दिसणारी चिन्हे ‘कचरा’ समजून सरसकट काढली, तर स्वयंपाकघरातले आचारी एका क्षणात आचार्य होतात. मजकूर वाचणारा हसेल. शब्दसूचीत मात्र ते आचार्य म्हणूनच मोजले जातील. असे जोडशब्द मॉड्यूलसोबत एका चाचणी-फाइलीत नोंदवून ठेवावेत. ‘टेस्ट::मोअर’ हे मॉड्यूल त्याचसाठी आहे : अमुक दिले असता अमुकच मिळाले पाहिजे, एवढे लिहावयाचे. नियमात बदल केल्यावर आचाऱ्यांचे पुन्हा आचार्य झाले काय, हे मग दर वेळी डोळ्यांनी पाहावे लागत नाही.

यावर काही आक्षेप येतील. पर्ल जुनी झाली, आज पायथनचा प्रसार अधिक आहे, हा त्यांतला पहिला. प्रसाराविषयी वाद नाही, आणि पायथनमध्येही मॉड्यूल आहेतच. तेथे शिकणाऱ्यासही वर सांगितलेले सर्व लागू पडते. पर्लच्या बाजूने एवढे सांगता येईल की मजकुरातील आकृतिबंध शोधणे हे तिचे मूळ काम आहे, आणि जुन्या आज्ञावली नव्या आवृत्तीत चालाव्यात याची काळजी तिने सहसा घेतली आहे. ‘इन्क’च्या यादीतील बदलासारखे अपवाद थोडे. पाच-सहा वर्षे चालणाऱ्या प्रबंधाच्या कामात ही गोष्ट लहान नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. सीपॅनवर तयार मॉड्यूले विपुल असताना स्वतःचे कशाला? संकेतन बदलणे, फाइल वाचणे ही कामे जगभर सारखी आहेत. त्यांसाठी तयार मॉड्यूलच घ्यावे, तेथे स्वतः लिहिणे हा वेळेचा अपव्यय होय. पण ळ, क्ष आणि ज्ञ यांना वर्णक्रमात कोठे बसवावे हे तसे नाही. पर्लची साधी क्रमवारी ळ ला ल च्या लगेच पुढे आणि क्ष ला क मध्ये ठेवते, कारण ती केवळ चिन्हांचे क्रमांक पाहते. शाळेत शिकविली जाणारी वर्णमाला ह नंतर ळ, क्ष, ज्ञ म्हणते. सूचीकाराला यांपैकी एक निवडावे लागते, आणि कोणत्याही तयार मॉड्यूलने ते आधीच निवडलेले असते. आज कृत्रिम प्रज्ञेची साधने मागाल तशी आज्ञावली क्षणात लिहून देतात. त्यांनीही कोणता तरी क्रम निवडलेलाच असतो, अनुस्वाराचे काही तरी केलेलेच असते. ते कोठे केले हे शोधून काढण्यास मॉड्यूल वाचता येणे हेच पहिले साधन आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.पूर्वी संशोधनपद्धतीचा वर्ग सक्तीचा केला आणि त्यात संगणकाच्या उपयोजनालाही जागा दिली. मराठीच्या विभागांनी ही जागा टंकलेखन आणि सादरीकरण यांवर खर्च करू नये. त्यातील सहा-सात तासिका पुरेशा आहेत : दोन मजकूर वाचण्या-लिहिण्यास, दोन मॉड्यूलची फाइल, वाट आणि नावे यांना, उरलेल्या एखाद्या खऱ्या संहितेवर. संहिता लहान व ओळखीची असावी. मोठ्या अभंगाच्या चरणांत ६, ६, ६ आणि ४ अक्षरे असतात हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते; तेव्हा ‘अक्षरसंख्या’ हीच पहिली सबरूटीन करावी. ‘क्षेत्र’ला २, ‘विठ्ठल’ला ३ मिळाले की पुढे ‘अर्थात्’ द्यावा. जुन्या लेखनातला हा हलन्त त् अक्षर म्हणून मोजावयाचा की मागील अक्षरात जिरवावयाचा, आणि आजच्या ‘अर्थात’शी त्याची संख्या जुळवावयाची काय, यावर वर्गात दोन पक्ष पडतात. दोन्ही पक्षांनी आपापली सबरूटीन लिहावी, दोन्ही एकाच मॉड्यूलमध्ये वेगळ्या नावांनी राहाव्यात, आणि प्रबंध सादर करताना त्या मॉड्यूलची छापील प्रत, आवृत्तीच्या क्रमांकासह, परिशिष्टात जोडली जावी. परीक्षकाने ती वाचण्यास नकार दिला, तर तो प्रश्न परीक्षकाचा राहील.